शेवटच्या वर्षाचा ऐच्छिक विषय

आबा,

शेवटच्या वर्षी कुठला ऐच्छिक विषय घ्यावा, हे तुम्हाला विचारावं असं गेले पंधरा दिवस वाटत होतं. विचारणार कुठे? तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. तुमची मुलगी त्रेचाळिसाव्या वर्षी वकिलीच्या कॉलेजात जाते, हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. लग्नानंतर मी रोह्याला आले, कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांचे अर्ज टाइप करत बसले. 'अर्जदार नम्रपणे विनंती करते की' हे वाक्य माझी बोटं मला न विचारता टाइप करतात. शेवटी एक दिवस ह्यांना म्हटलं, मी लॉ करते. हे कंपनीतून नाईट शिफ्ट करून आले होते, अर्धवट झोपेत म्हणाले, कर. त्या 'कर'वर माझी दोन वर्षं निघाली. सकाळच्या गाडीनं पेणला जायचं, लेक्चर करायची, दुपारी परत येऊन दुकान उघडायचं. वर्गातली मुलं मला काकू म्हणतात आणि नोट्स माझ्याकडूनच नेतात. कंपनी कायद्यात माझी केटी लागली होती, ती सुटली. हे सगळं अभिमानानं सांगतेय असं समजू नका. आता खरी भीती पुढच्या परीक्षेची आहे.

तुमच्या वेळी डिग्री झाली की सनद मिळायची आणि माणूस काळा कोट चढवून कोर्टात उभा राहायचा. आता सनद मिळाली तरी ती कच्ची. दोन वर्षांत बारची परीक्षा पास व्हायला लागते, नाहीतर कोट काढून ठेवायचा. परीक्षेत कायद्याची नुसती पुस्तकं नेता येतात, त्यावर पेन्सिलनं काही लिहिलेलंसुद्धा चालत नाही. आणि पुस्तकं तरी कुठली? पहिल्या वर्षी मी जे फौजदारी कायदे पाठ केले ते सगळे बदलले. तुम्ही पेणच्या कोर्टातले पट्टेवाले, माणसांना कलमांवरून ओळखायचात, 'तो तीनशे दोनवाला आला होता', 'चारशे वीसवाल्याची तारीख आज'. ते आकडेच आता गेले. लहानपणापासून फुकटात जे कानावर पडलं होतं, तेवढंच मला चांगलं येत होतं, तेही सरकारनं काढून घेतलं. नव्या कलमांचे आकडे डोक्यात राहत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढला आहे. मी नापास झाले तर वर्गातल्या मुलांना पुढच्या वेळा आहेत. मी नापास झाले तर टायपिंग आहे.

म्हणून तो ऐच्छिक विषय. फॉर्मवर पाच-सहा नावं होती, पण माझ्यापुरते दोनच विषय होते. एक करविषयक कायदा, ज्याला सगळे टॅक्स म्हणतात. दुसरा विधी सहाय्य, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांना मदत कशी करायची तो विषय. बारच्या परीक्षेत थोडंथोडं दोन्हीचं येतं. आमच्या आधीच्या बॅचची एक मुलगी पहिल्याच फटक्यात पास झाली, आता रोह्याला ज्युनिअर म्हणून येते आणि माझ्याच दुकानात टायपिंग करून घेते. तिला विचारलं. ती म्हणाली, "ताई, जे घरी वाचून कळतं ते कॉलेजात घ्यायचंच नाही. विधी सहाय्य तुम्ही गाडीत वाचाल. टॅक्स कोणी समोर बसून शिकवला नाही तर तुम्हाला जन्मात कळणार नाही." तिचं शंभर टक्के बरोबर होतं. टॅक्सची पानं उघडली की मला जांभया येतात आणि मग रडू येतं. पण विधी सहाय्य घेतलं की आठवड्यातून एक दिवस पेणच्या कोर्टात बसायला लागतं. तिथे व्हरांड्यात एक टेबल मांडलेलं आहे, मदत कक्ष म्हणतात. कोणी गोंधळलेली बाई आली की तिला कुठे जायचं, काय करायचं ते सांगायचं. तोच व्हरांडा, आबा. तुम्ही जिथे उभे राहायचात तिथून दहा पावलांवर.

तुम्ही त्या दारात कसे उभे राहायचात ते मला आजही दिसतं. पांढरा ड्रेस, खांद्यावरून लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. सकाळी चुलीपाशी बसून मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करताय, आई भाकरी थापतेय, आणि तुम्ही मध्येच हनुवटी वर करून घसा साफ करताय. आईला त्या आवाजाचा राग यायचा. जजसाहेबांच्या त्या दिवसाच्या बोर्डावर जे नाव लागेल ते दारात येऊन तीनदा पुकारायचं, एवढंच तुमचं काम, पण तुम्ही ते असं करायचात की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही कुणाची केस चालू आहे ते कळावं. मी सात-आठ वर्षांची असताना तुमचा टॉवेल खांद्यावर टाकून अंगणात शेजारणींची नावं तीन-तीनदा पुकारली होती. सगळ्या हसत होत्या. तुम्ही आलात, टॉवेल ओढून घेतलात आणि म्हणालात, "नाव म्हंजे खेल नाय. कोनाचा घर त्या नावावर उभा असतो." तुम्ही मला मारलं कधीच नाही, पण त्या दिवशी मारलं असतं तर बरं, असं वाटलं होतं.

मग तो दिवस. मी एकोणीस वर्षांची, टायपिंगच्या क्लासला जाते. क्लास तुम्हीच लावून दिला आहे. तुम्ही डबा विसरलात म्हणून मी कोर्टात येते आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसते, कारण तुम्ही आत आहात. बाकावर एक बाई आहे, चाळिशीची असेल, हिरवं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. ती सरकून मला जागा देते.

"तू कोनाची गो?"

"पट्टेवाल्यांची."

"हाक मारतात ते? काय आवाज हाय बापाचा! खाडीच्या पल्याड जाईल."

मला बरं वाटतं. मग ती तिचं सांगायला लागते. गडबच्या खाली खाडीकडे तिचं सासर. नवरा गेल्यावर दिरांनी तिच्या खोलीला कुलूप घातलं, म्हणून तिनं घरातल्या वाट्याचा दावा लावला होता. आता कासूकडे भावाच्या घरी राहत होती, आणि भावजयीच्या हातचं खाताना घास घशात अडकतो म्हणत होती. चार तारखा झाल्या होत्या. दर वेळी वकील तिला खूण करायचे, ती त्यांच्या मागून आत जायची. "आज वकीलसाहेब अलिबागला गेलेत. म्हंगाले, तुझा नाव निंगाला की उठून आत जायाचा आनि म्हनायचा, साहेब, तारीख द्या. एवढाच." ते वाक्य तिनं माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितलं. तिनं मला तिचं नावही सांगितलं, माहेरचं, सगळे हाक मारतात ते. ते मी इथे लिहीत नाही.

तुम्ही दारात आलात आणि एक नाव पुकारलंत. बाई भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत होती. तुम्ही दुसऱ्यांदा पुकारलंत. तिनं मान वर करून इकडेतिकडे बघितलं. तिसऱ्यांदा पुकारलंत तेव्हा ती मला म्हणाली, "कोन गो ही बाय? येत का नाय? लांबना येत असल बिचारी, गाडी चुकली असल." तुम्ही आमच्या बाकाकडे बघितलंत, आबा. मी पाहिलं. मग तुम्ही वळून आत गेलात.

पुकारलेलं नाव तिचंच होतं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं, त्या दिवशी सगळ्यांनी वाचलेलं आणि दुसऱ्या दिवसापासून कुणीही न घेतलेलं. सासरी ती थोरली होती, मग वहिनी, मग कुणाची तरी आई. रेशनकार्डावर मात्र तांदळातलं नाव, आणि वकिलांनी दावा रेशनकार्डावरून लिहिला. तिला वाचता येत नव्हतं. जिथे दाखवलं तिथे तिनं अंगठा उठवला होता. दुपारी ती आत कारकुनाकडे विचारायला गेली, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या नावावरून शोधून सांगितलं की वादी गैरहजर, दावा काढून टाकला. ती बाहेर आली, तुमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मी हितंच हुते. सकालपासून हितंच हुते." तुम्ही हातातल्या कागदाकडे बघितलंत. पुढच्या केसचं नाव पुकारलंत.

संध्याकाळी जेवताना मी तुम्हाला धरलं. आई भाकऱ्या करत होती, ताटात सुकट होतं. मी म्हटलं, "चार तारखांना आली होती ती. तुम्ही तिला ओळखत होतात." तुम्ही म्हणालात, "तोंड वलखीचा होता. ता नाव तिचा हाय, मना काय ठाव?" मी म्हटलं, "मग बाकाकडे का बघितलंत? नुसतं विचारायचं होतं, बाई, तुमची केस कुठली." तुम्ही म्हणालात, "कागदावर जा नाव हाय ता घ्यायचा. माझ्या पदरचा कायपन घालायचा नाय. तशी नोकरी नाय होत." आणि मी, एकोणीस वर्षांची, चारचौघांत कधी तोंड न उघडणारी, म्हणाले, "मग तुमच्या जागी भोंगा लावला तरी चालेल की." आईचा हात तव्यावरच थांबला. तुम्ही अर्धी भाकरी ताटात ठेवून हात धुतलेत. त्यानंतर आपलं बोलणं बंद झालं असं नाही. पाणी दे, दार लाव, गाडी किती वाजता, एवढं चालू राहिलं. पण तुम्ही मला काही विचारेनासे झालात. आधी तुम्ही विचारायचात, पेपरात काय आलंय, पावसाचं काय, या शब्दाचा अर्थ काय. ते संपलं. मला वाटलं तुम्ही रागावलात. मी पण रागावलेलीच होते. चार वर्षांत माझं लग्न झालं, पुढे तुम्ही रिटायर झालात, आणि एका सकाळी गुळण्या करता करता बसलात ते उठलाच नाहीत.

गेल्या वर्षी दिवाणी प्रक्रियेचा तास होता. सर खिडकीकडे बघत एकसुरी आवाजात ऑर्डर नऊ शिकवत होते. वादी गैरहजर राहिला म्हणून दावा काढून टाकला, तर योग्य कारण दाखवून तो पुन्हा चालू करून घेता येतो. अर्ज तीस दिवसांच्या आत करायचा. सरांनी पान उलटलं, माझा पेन मात्र तिथेच राहिला. तीस दिवस होते तिला. एक पानी अर्ज. 'मी हजर होते, पुकारलेलं नाव माझं आहे हे मला समजलं नाही', याहून योग्य कारण कुठलं? आणि आबा, असे अर्ज तुम्ही रोज या टेबलावरून त्या टेबलावर नेत होतात. तुम्हाला हे माहीत नसणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी मी पेणहून रोह्याला येताना कासू स्टेशनवर खिडकीकडून तोंड फिरवून बसले. मला तुमचा इतका राग आला की तुम्ही जिवंत असतात तर मी तुम्हाला पुन्हा भोंगा म्हटलं असतं. म्हणूनच तर मला विधी सहाय्य घ्यायचं होतं. तुमच्या दारासमोर बसून तुम्हाला दाखवायचं होतं की विचारता येतं. त्रेचाळिसाव्या वर्षीही माणूस किती पोरकट असतं बघा.

आई अजून पेणलाच दादाकडे असते. लेक्चर सुटल्यावर कधीकधी तिच्याकडे चहा घेते. गेल्या आठवड्यात ती तांदूळ निवडत बसली होती आणि मी तिला माझ्या दोन विषयांचं रडगाणं सांगत होते. टॅक्स घेतला तर पास व्हायची शक्यता, विधी सहाय्य घेतलं तर त्या व्हरांड्यात बसता येईल, वगैरे. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "ज्या बायपायी तू बापाला बोललीस ना, तिच्याकडं गेलवते तुझे आबा."

मी म्हटलं, "कधी?"

"त्याच्या दुसऱ्या रयवारी. साध्या कपड्यात गेले. आदी गडबला. तितं दीर दारात उभे, म्हंगाले हितं कोन नाय. मंग कासूला गेले. वाडीत दारोदार ता कागदावरचा नाव घेऊन इचारला. कोनला ठाव असनार? माहेरात सासरचा नाव कोन घेतो? आनि कोर्टातला मानूस म्हटल्यावर लोक अजूनच गप झाले, वाटला पकडायला आलाय. काय काम हाय ता पन यांना सांगता येत नवता. पट्टेवाल्यानं अशिलाला अक्कल सांगितली म्हंजे नोकरी गेली. उन्हाचे आले आनि ओटीवर बसले. म्हंगाले, या नावाची बायच नाय."

"मला तिचं नाव माहीत होतं," मी म्हटलं. "माहेरचं. तिनंच सांगितलं होतं बाकावर. मला का नाही विचारलं?"

आईनं पुन्हा सूप उचललं. "तुला? तू त्यांना भोंगा म्हंगालीस ना गो."

मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागले. तुम्ही ओटीवर बसलेले आणि मी आत माजघरात, मध्ये एक उंबरा. एक शब्द होता माझ्याकडे आणि तुम्ही तो मागू शकला नाहीत, कारण मागायची सोय मीच ठेवली नव्हती. दिवस मोजले तर तेव्हा जेमतेम दहा-बारा झाले असतील. अजून अठरा-वीस शिल्लक होते. मी हे कितीदा मोजलं ते सांगत नाही. त्या बाईचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही. आईलाही नाही. कासूच्या वाडीत उतरून विचारता येईल, नाव तर मला ठाऊक आहे. पण गेले तरी काय सांगणार? तीस दिवस होते म्हणून?

तरी दुसऱ्या दिवशी मी फॉर्मवर विधी सहाय्यासमोर खूण केली. दोनदा गिरवून केली. म्हटलं, टॅक्सचं बघू, रडत का होईना वाचू. मागच्या शुक्रवारी ऑफिसच्या खिडकीत फॉर्म द्यायला गेले. तिथल्या मॅडमनी यादी बघितली आणि म्हणाल्या, "काकू, या विषयाला तुम्ही आणि अजून दोघं. तिघांसाठी शिक्षक कुठून आणणार? सगळ्यांना टॅक्सच टाकतोय." मी म्हटलं, "पण फॉर्मवर तर आहे." त्या म्हणाल्या, "फॉर्मवर असतं हो. तुम्हाला पायजेच असेल तर प्रिन्सिपलसरांच्या नावानं अर्ज करा. दहा-बारा जणांच्या सह्या आणा. सोमवारपर्यंत आणलात तर सर विचार करतील. पोरं काय, तुम्ही नोट्स देता ना त्यांना, तुम्ही म्हणाल तिथं सही करतील." त्यांनी माझी खूण खोडली आणि टॅक्ससमोर लाल पेननं दुसरी केली.

मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन बसले. मला वाईट वाटायला हवं होतं, संताप यायला हवा होता. तसं थोडं झालंही. पण आबा, तुम्हाला खोटं सांगून काय करू, मला हायसं वाटलं. त्या टेबलामागे बसायचं नाही. कुणी बाई समोर येऊन उभी राहणार नाही. आता पास झाले तर झाले, माझ्या हातात काही नव्हतं असं म्हणता येईल. समोरून मुलं येत-जात होती, 'काकू, नोट्स' म्हणत होती, आणि मी बसून होते.

अर्ज एका पानाचा. विषय, महोदय, नम्र विनंती, खाली सह्यांसाठी रेघा. माझ्या बोटांना दहा मिनिटं लागली असती. शनिवारी दुकान उघडं होतं, वीज होती, प्रिंटरमध्ये कागद होते. रविवारी मी टॅक्सचं पुस्तक आणलं आणि त्याला कव्हर घातलं. सोमवारी कॉलेजात गेले, लेक्चर केली, परत आले. आज गुरुवार आहे.